उजव्या बाजूचा शॉकअप

आबा, उजव्या बाजूचा शॉकअप मी परवा बदलला. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता. पण तेराव्याची मंडळी पांगली, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला आणि तुमची गाडी खळ्यावर एकटीच उभी राहिली. पुढची डावी बाजू नवी, उजवी जुनी. मला ते बघवेना.

गेले पंधरा दिवस लोक तुमच्याबद्दल बोलताहेत. एकतीस वर्षं एसटी चालवली, कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं डेपोतले जुने कंडक्टर सांगून गेले. गावात कुणाची मिरवणूक असो की मयत, सगळ्यांच्या आधी तुम्ही हजर असायचात, असं शेजारी म्हणाले. मी ऐकून घेत होतो. माझ्याकडे सांगण्यासारखं फार नव्हतं, कारण तुमची-माझी खरी ओळख एका रविवारची. पण त्या रविवारातली एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, आणि तिच्यामुळे मला झोप लागत नव्हती. म्हणून हे लिहितोय.

सात वर्षांपूर्वी वनिताने आणि मी नोंदणी करून लग्न केलं. मी नारपोलीतला, लूमवर शिफ्ट करणाऱ्या तेलुगू बापाचा मुलगा. तुमचं काल्हेरचं आगरी घर, चार भावांचं, गावात मान असलेलं. तुम्ही आरडाओरडा केला नाहीत. वनिताला एवढंच म्हणालात, "तुज्या मनाचं केलंस. आता आमाला काय इचारू नको." माझ्याबद्दल तुम्ही कधी वाईट बोलल्याचं माझ्या कानावर आलं नाही. चांगलंही आलं नाही. तुम्ही माझ्याबद्दल काही बोलतच नव्हता.

आमच्या तनूच्या बारशाला वनिताच्या आई एकट्याच रिक्षाने आल्या. पाळण्यात झबलं ठेवलं आणि म्हणाल्या, "त्यांना यायचं होतं, पन ड्युटी लागली." तुम्हाला रिटायर होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वनिता हसली आणि मग मोरीत जाऊन रडली. खरं सांगतो आबा, त्या दिवशी मी तुमच्यावर चिडलो होतो आणि पुढची काही वर्षं चिडूनच होतो.

दोन वर्षांपूर्वी आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वनिता पुन्हा माहेरी जायला लागली. तुम्ही दार उघडलंत, "ये" म्हणालात, एवढ्यावर सात वर्षांतली पाच वर्षं मिटली. ती तुमची मुलगी होती. मी तिला सोडायला यायचो तो फाटकापर्यंत. तुम्ही ओट्यावर पेपर धरून बसलेले असायचात. मी हात जोडायचो, तुम्ही मान हलवायचात, आणि मी मोटरसायकल वळवायचो.

मग गेल्या महिन्यातली ती दुपार. मी काल्हेरच्याच एका गोदामात फोर्कलिफ्टची देखभाल करतो, हे तुम्हाला वनिताकडून कळलं असणार. मी एका फोर्कलिफ्टच्या खाली होतो. वॉचमन आत आला आणि म्हणाला, "बाहर एक बुजुर्ग आए हैं. बोलते हैं, ससुर हूँ."

मी तसाच ग्रीसच्या हातांनी बाहेर आलो. सात वर्षांत तुम्ही ते नातं पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं होतं, ते वॉचमनसमोर आणि हिंदीत. फाटकाबाहेर कंटेनरांच्या रांगेत तुमची जुनी पांढरी गाडी उभी होती. तुम्ही स्टिअरिंगवरून हात न काढता म्हणालात, "गाडी वाजते."

मी शेजारी बसलो. काल्हेरच्या रस्त्यावर गाडी वाजायला जागा शोधावी लागत नाही. तुमची एसटीची सवय, खड्डा मला दिसायच्या आधी तुमचे हात वळायचे, तरी प्रत्येक उतार-चढावाला पुढून खट् असा आवाज यायचा. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालायची. वळून परत आल्यावर मी बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर भार देऊन सोडला, तर ती तीन-चार वेळा डोलत राहिली. चाकाच्या आत वाकून बघितलं. डाव्या शॉकअपमधून तेल गळून त्यावर धुळीचा थर बसला होता.

"गॅरेजवाला म्हनला, भंगारात द्या," तुम्ही म्हणालात.

"भंगार कशाला? शॉकअप गेलेत. घरच्या घरी बदलता येतील."

"गेलेत? किती?"

"डावा तर दिसतोच आहे. पण दोन्ही जोडीने बदलायचे असतात."

"उजव्याला काय झालंय? तेल न्हाय, काय न्हाय. चांगली वस्तू काढून फेकायची, ह्ये मना पटत न्हाय."

"एक नवा, एक जुना असला की गाडी एका अंगाला ओढते, आबा."

"एकतीस वर्सं चालवलीय मी. मना शिकवू नको." मग थांबून तुम्ही दुरुस्ती केलीत, "नका."

जावयाला अरे-तुरे करायचं नाही, एवढा मान तुम्ही रागातही राखलात. मला मात्र तो मान भिंतीसारखा वाटायचा. मी दोन्ही शॉकअप आणले. तुम्ही एकच पिशवीतून बाहेर काढू दिलात.

त्या रविवारी सकाळी आम्ही तिघं आलो, वनिता, तनू आणि मी. पहिल्यांदाच मी फाटकाच्या आत आलो. पूर्वी जिथे भात झोडायचात त्या खळ्यावर आता कोबा घातलेला आहे, म्हणून जॅक नीट बसला. मी चाकाचे नट सैल केले, गाडी उचलली, खाली लोखंडी स्टँड लावले. तुम्ही पाने द्यायला बसलात. मी सतरा नंबर मागितला की तुम्ही चौदा द्यायचात.

"आमी चालवनारे," तुम्ही म्हणालात. "बिघाड काय तो वहीत लिवायचा, खोलायचं काम मेकॅनिकचं. त्यांच्यामदी आमी कदी हात घातला न्हाय."

"मी लहानपणी तुमच्या गाडीत बसलो असेन," मी खालूनच म्हणालो. "आम्ही वज्रेश्वरीला जायचो, गरम पाण्याच्या कुंडांवर. एसटीनेच."

"कवा? सकालची की दुपारची?"

"सकाळची. साडेसातची असायची."

"मंग मीच असनार. गनेशपुरीची साडेसातची पाच वर्सं माज्याकडं होती." तुम्ही हातातला पाना पुसून ठेवलात. "उलटी करनारी पोरं लई असायची त्या गाडीला. तू त्यातला का?"

तुमच्या तोंडून 'तू' गेला होता. तुमच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि तुम्ही राहू दिलंत, ते मला माहीत नाही. "हो, त्यातलाच," मी म्हणालो, आणि तुम्ही हसलात. तुमचा हसण्याचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

खालचे दोन मोठे बोल्ट गंजले होते. त्यांनी तासभर घेतला. वरचे नट सुटले आणि स्प्रिंगसकट अख्खा शॉकअप बाहेर आला. आता जुन्यावरची स्प्रिंग काढून नव्यावर चढवायची होती. ही स्प्रिंग दाबूनच ठेवलेली असते. दोन बाजूंना दोन लांब स्क्रू लावून ती आणखी आवळायची, आणि मगच मधला नट खोलायचा. मी एक स्क्रू आवळला होता, दुसरा अजून सैल होता. मी मागे वळून पाना शोधत होतो. परत वळलो तर तुम्ही तोंड अगदी स्प्रिंगच्या वर नेऊन मधल्या नटाला पाना लावलेला.

"हात काढ!" मी ओरडलो. "मागे हो! मरायचंय का?"

सगळी आळी ऐकेल एवढ्याने. वनिता दारात आली. आई मागून आल्या. तुम्ही पाना खाली ठेवलात, उठलात आणि कुणाकडे न बघता आत गेलात. वनिताने माझ्याकडे असं बघितलं, जणू सात वर्षांनी जुळत आलेलं मी एका क्षणात मोडलं होतं. मी काय सांगणार तिला? तो नट सुटला असता तर स्प्रिंग तुमच्या जबड्यातून गेली असती. मी दुसरा स्क्रू आवळत बसलो.

दहा मिनिटांनी तुम्ही चहाचे दोन कप घेऊन बाहेर आलात. एक माझ्यासमोर ठेवलात.

"तू बराबर वराडलास," तुम्ही म्हणालात. मग डेपोतली हकिगत सांगितलीत. ट्रकसारख्या मोठ्या चाकात हवा भरताना रिमची लोखंडी कडी सुटली आणि समोर उभ्या असलेल्या मेकॅनिकच्या कपाळाला लागली. तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बसला होतात. "त्याला कोनी वराडलाच न्हाय," तुम्ही म्हणालात. "आमी सगले बगत व्हतो, पन कोनीच वराडला न्हाय."

मी चहा प्यायलो. इतका गोड चहा मी एरवी पीत नाही. तो आईंनी नाही, तुम्हीच केला होता, हे मला नंतर कळलं.

दुपारी बाराच्या सुमाराला नवा शॉकअप जागेवर बसला. राहिलं होतं चाक. "चाक मी लावतो," तुम्ही म्हणालात. मी नको म्हणेपर्यंत तुम्ही ते उचललंत. निम्म्यात थांबलात. चाक हळूच खाली ठेवलंत आणि त्याच्यावरच बसलात. तुमच्या कपाळावर घाम आला होता. ऊन तेवढं नव्हतं. डावा हात तुम्ही उजव्या हाताने खांद्यापासून खाली चोळत होतात.

"काय झालं, आबा?"

"काय न्हाय. काल वाल खाल्ले. पित्त चढलंय."

"पित्ताने हात दुखतो?"

"वजन उचललं ना आता." मग तुम्ही घराच्या दाराकडे बघितलंत. आतून वनिताचा आणि तनूचा आवाज येत होता. "तिला सांगू नको. आदीच आईच्या पायाचं करते. आनखी माजं कशाला."

"उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी सुट्टी घेतो."

"मी जाईन माजा मी. तू बोलू नको फक्त. तुला तनूची शपत."

मी मान डोलावली.

आबा, ही ती गोष्ट. तुम्ही शपथ घातलीत म्हणून मी गप्प राहिलो, असं म्हणणं सोपं आहे. पण ते पूर्ण खरं नाही. मला बरं वाटलं होतं. सात वर्षं ज्याच्याकडे तुम्ही धड बघितलं नव्हतं, त्याला तुम्ही आतली एक गोष्ट सांगितलीत, आणि ती वनिताला माहीत नव्हती, मला माहीत होती. तो विश्वास मला गमवायचा नव्हता. मी तुमचा हात बघत होतो आणि मनात खूश होतो.

थोड्या वेळाने तुम्हाला बरं वाटलं. चाक मी लावलं. तुम्ही गाडी काढलीत, मी शेजारी बसलो. गोदामांच्या रस्त्याला पहिल्या मोठ्या खड्ड्यात डावीकडून आवाज आला नाही. तुम्ही मुद्दाम दुसऱ्या खड्ड्यात घातलीत. "बंद झालं," तुम्ही म्हणालात. उजवीकडून बारीक खडखड येत होती. मी काही बोलणार तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "उजव्याचं तू काय बोलू नको. चांगला हाय तो."

"पुढच्या रविवारी येतो. तेव्हा भांडू."

"ये की," तुम्ही म्हणालात.

रात्री घरी वनिताने खोदून खोदून विचारलं, आबा काय काय बोलले. मी साडेसातची एसटी सांगितली, उलट्या करणारी पोरं सांगितली, तुम्ही मला 'तू' म्हणायला लागलात ते सांगितलं. तिचे डोळे भरून आले. हात चोळण्याचं मी सांगितलं नाही.

बुधवारी मी फोन केला. "डॉक्टरकडे गेलात?" "जाईन रे. बरा हाय आता." आवाज चांगला होता. गुरुवारी वनिता तुमच्यासाठी चटणी करून पाठवायचं म्हणत होती, तेव्हा ओठावर आलं होतं. म्हटलं, रविवारी जाऊन स्वतःच बघू. शनिवारी सकाळी आईंचा फोन आला. तुम्ही मोरीत पडला होतात. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. आम्ही नारपोलीहून पोचलो तेव्हा सगळं झालं होतं.

तिथे एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी वनिताला विचारलं, "आधी काही त्रास होत होता का? छातीत दुखणं, हात दुखणं, घाम?"

"नाही हो," वनिता म्हणाली. "काहीच नाही. कधीच काही नाही."

मी तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभा होतो. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडेही बघितलं. मी खाली बघितलं.

आणि मग ते तेरा दिवस. येणाऱ्या प्रत्येकाला वनिता तेच सांगत होती. "आबांनी कुणाला काही कळूच दिलं नाही." शेजारणींना, काकांना, डेपोतल्या लोकांना. मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होतो. दर वेळी ते वाक्य माझ्यासमोर बोललं जायचं आणि दर वेळी मी कप पुढे करायचो. आता वाटतं, एकदा तरी हातातून ट्रे पडायला हवा होता.

परवा सकाळी मी एकटाच खळ्यावर आलो. पिशवीतला दुसरा शॉकअप काढला. आई काठी घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. "उजवा चांगला हाय म्हनत व्हते ना ते," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग?"

"बघतो तरी."

बघितलं. बाहेरून तो सुकाच होता. पण वरचं रबर काढल्यावर आत तेल भरून राहिलेलं. दांडी हाताने खाली दाबली तर खाली गेली आणि तिथेच राहिली, वर आलीच नाही. वाद मी जिंकलो होतो, आबा. ते सांगायला समोर तुम्ही नव्हतात. तुम्ही नक्कीच म्हणाला असता, "तूच बिघडवलास खोलताना." ते ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. आईंनी विचारलं, "खराब निघाला का रे?" मी म्हणालो, "थोडा." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी खाली वाकून काम करत राहिलो. स्प्रिंगच्या दोन्ही बाजू तीन-तीन वेळा तपासल्या. तरी त्या दोन तासांत मी कितीदा तरी मागे वळून बघितलं, तुम्ही पाना लावत नाही ना म्हणून.

दुपारी गाडीचं अलाइनमेंट करून आलो, तोवर वनिता तनूला घेऊन काल्हेरला आली होती. वनिता म्हणाली, "मला एक चक्कर मारून आण. आबांच्या गाडीतून." ती तुमच्या जागी बसायला घाबरली, म्हणून मीच चालवत होतो. गाडी मुळीच वाजत नव्हती. ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "किती गुपचूप गेले रे. कुणालाच..."

मी गाडी एका गोदामाच्या भिंतीला लावली आणि बंद केली. सांगितलं. चाक, घाम, डावा हात, वाल, शपथ. बुधवारचा फोनही. आणि हेही, की मला तेव्हा बरं वाटलं होतं. ते सांगणं सगळ्यात जड गेलं.

तिने खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू माझ्या शेजारी होतास."

"हो."

"मी नाही म्हणाले, आणि तू ऐकत उभा राहिलास."

"हो."

"सहा दिवस होते, श्रीनू. सहा दिवस." तिचा आवाज चढला नाही. तुमच्यासारखीच आहे ती, रागावली की आवाज खाली जातो. मग तिने विचारलं, "आणि मला का नाही सांगितलं त्यांनी? तुला का?"

मी किल्ली फिरवली. ती म्हणाली, "घरी सोड." नारपोलीला नाही, काल्हेरला. फाटकाशी उतरली आणि तनूला बोलावून आत गेली. मी गाडी खळ्यावर लावली, किल्ली आईंकडे दिली आणि मोटरसायकलने एकटाच परत आलो.

तुमची शपथ मी मोडली, आबा. त्याची माफी मागणार नाही. माफी मागायची ती दुसऱ्या गोष्टीची आहे. चहाचे कप घेऊन बाहेर येऊन तुम्ही मला म्हणाला होतात, बरोबर ओरडलास. त्याच रविवारी, तासाभराने, मला आणखी एकदा ओरडायचं होतं. पहिल्यापेक्षा मोठ्याने, वनिता बाहेर येईल असं. तुम्ही रागावून आत गेला असतात. कदाचित पुन्हा दोन वर्षं बोलला नसतात. पण ती दोन वर्षं तुम्ही जिवंत तरी असता.

काल दिवसभर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. आज सकाळी डबा भरत होतो तेव्हा आला. तिने कसा आहेस विचारलं नाही. तिने फक्त विचारलं, "डावाच हात होता ना?"

"डावाच."

"कुठून चोळत होते?"

"खांद्यापासून. कोपराच्या खालपर्यंत."

"तू धरलास का हात त्यांचा?"

"नाही धरला, वनिता. माझे हात ग्रीसचे होते."

ती रडायला लागली, आवाज न करता, पण मला कळलं. मागे तनू आजीशी काहीतरी बोलत होती, रस्त्यावरून एक कंटेनर गेला. मी ड्युटीवर जायचा थांबलो आणि जमिनीवर बसलो. बराच वेळ झाला, तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.